अंगठा हवा, मालकी नको

२९ सप्टेंबर २०१० रोजी देशाचे पंतप्रधान नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली या लहानशा गावात आले होते. शहादा तालुक्यातल्या या आदिवासी वस्तीत डॉ. मनमोहन सिंग आणि सोनिया गांधी यांच्या हस्ते देशातले पहिले आधार क्रमांक दिले गेले. भारतातल्या गरिबातल्या गरिबालाही आता ओळख मिळाली, असे त्या दिवशी जगाला सांगण्यात आले. ही ओळख देण्यासाठी इथल्या माणसाच्या दहाही बोटांचे ठसे घेतले, डोळ्यांची बुबुळे टिपली आणि ती माहिती दूरच्या यंत्रांत जमा केली. या गोष्टीला दीड दशक उलटून गेले. त्याच जिल्ह्याच्या धडगाव आणि अक्कलकुवा तालुक्यांतली माणसे आजही हातात मोबाइल घेऊन रेंजसाठी डोंगर चढतात. त्यांची माहिती डोंगर उतरून गेली, पण ती वाहून नेणारी तार त्यांच्या पाड्यापर्यंत चढली नाही.

याला नुसती सरकारी दिरंगाई म्हणता येणार नाही. दिरंगाईवर आपण हळहळतो आणि पुढच्या कामाला लागतो. हा अन्याय आहे आणि त्यात आपण सगळे सामील आहोत. गावाने स्वतः उभारलेली, गावाच्या मालकीची इंटरनेट सेवा या देशात कायद्याने अडवली जाते. त्या अडवणुकीवर सुशिक्षित महाराष्ट्र अवाक्षर काढत नाही, कारण डोंगरातल्या माणसाकडे मालक म्हणून पाहणे आपल्याला अजून जमलेले नाही.

आधी हे पाहू की इंटरनेट या लोकांकडून काय मागते. रेशनच्या दुकानात पॉस मशीनवर अंगठा लावल्याशिवाय धान्य सुटत नाही. रेंज नसली की दुकानदार मशीन घेऊन उंचावर जातो आणि म्हातारी माणसे त्याच्यामागे चढतात. रोजगार हमीच्या कामावर १ जानेवारी २०२३ पासून ॲपवरची हजेरी सक्तीची झाली आणि मजुरांचा फोटो दिवसातून दोनदा चढवायचा नियम आला. घाम गाळणारा माणूस कामावर हजर असतो, पण त्याची हजेरी रेंजच्या लहरीवर ठरते. अंगणवाडी सेविकेला कुपोषित बाळाचे वजन पोषण ट्रॅकरमध्ये भरायचे असते. २०२५ मध्ये लाडकी बहीण योजनेची ई-केवायसी आली, तेव्हा या डोंगरांत बायका ओटीपीची वाट पाहत टेकडीवर ताटकळत असल्याच्या बातम्या वर्तमानपत्रांत आल्या. २०२० च्या टाळेबंदीत शाळा ऑनलाइन झाल्या, त्या वेळी सातपुड्यातल्या मुलांचे काय झाले हे विचारायलाच नको.

म्हणजे सरकारने आपला दरवाजा इंटरनेटच्या पलीकडे नेऊन ठेवला आणि अलीकडे उभ्या असलेल्या माणसाला तिथवर जायची वाट दिली नाही. कायद्याने दिलेले अन्न, मजुरी आणि पोषण यांचे हक्क त्याच्यासाठी आता रेंजवर लटकले आहेत.

यावर पहिले उत्तर तयार असते: भूगोल अवघड आहे. तो अवघड आहेच. सातपुड्यात गाव म्हणजे एका जागी गोळा झालेली घरे नव्हेत. एका ग्रामपंचायतीत अनेक पाडे, एका पाड्यात पाच-पंचवीस घरे, आणि दोन पाड्यांच्या मधे खोल दरी. नर्मदेच्या काठावरच्या काही वस्त्यांना आजही बोटीने जावे लागते आणि आजारी माणसाला बांबूच्या झोळीतून रस्त्यापर्यंत आणावे लागते. पण भूगोल अवघड असतानाही या भागातून जे न्यायचे ते नेले गेले. सरदार सरोवरात महाराष्ट्राची ३३ गावे बाधित झाली आणि ती याच जिल्ह्यातली. त्या प्रकल्पाच्या विजेत महाराष्ट्राचा वाटा २७ टक्के ठरला. वीज बाहेर नेताना दऱ्या आडव्या आल्या नाहीत. तार आत आणायची म्हटली की त्याच दऱ्या आठवतात.

दुसरे उत्तर योजनांचे. ग्रामपंचायतींना ऑप्टिकल फायबरने जोडायच्या योजनेला केंद्राने २०११ मध्ये मंजुरी दिली, पुढे तिचे नाव भारतनेट झाले. महाराष्ट्रात त्याच कामाचा पुढचा टप्पा महानेट म्हणून आला. नंदुरबार हा राज्यातल्या चार आकांक्षित जिल्ह्यांपैकी एक. नोव्हेंबर २०२१ मध्ये महाराष्ट्रासह पाच राज्यांच्या अशा ४४ जिल्ह्यांतल्या ७,२८७ गावांत फोरजी पोहोचवायचे ठरले. जुलै २०२२ मध्ये देशभरातल्या २४,६८० गावांसाठी २६,३१६ कोटी रुपयांची योजना मंजूर झाली आणि काम बीएसएनएलकडे गेले. काही टॉवर उभे राहिले, काही गावांत रेंज आली. जे झाले ते मान्य केलेच पाहिजे. पण या सगळ्या योजनांत एक गोष्ट कायम आहे. तार कुठवर जाणार, टॉवर कुठे उभा राहणार, बंद पडला तर दुरुस्त कोण करणार, यातले काहीही गाव ठरवत नाही. गावाने वाट पाहायची. फायबर पंचायतीच्या कार्यालयापाशी संपते आणि तिथून पाडा डोंगरापलीकडे असतो. मधल्या अंतराचे काय करायचे, याचे उत्तर कंपनीच्या नफ्याच्या हिशेबात सापडत नाही, कारण पंचवीस घरांच्या रिचार्जमधून टॉवरच्या डिझेलचा खर्चही निघत नाही.

हे मधले अंतर गावाच्या सहभागाने ओलांडता येते, हे याच महाराष्ट्रात सिद्ध झाले आहे. आयआयटी मुंबईचे प्राध्यापक अभय करंदीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पालघर जिल्ह्यातल्या गावांमध्ये ‘ग्राममार्ग’ हा प्रकल्प उभा केला. दूरदर्शनच्या प्रक्षेपणासाठी राखलेल्या, पण वापरात नसलेल्या लहरी घेऊन त्यांनी गावे जोडून पाहिली, पुढे परवानामुक्त लहरींवरची स्वस्त यंत्रे वापरून जाळे पसरवले. तंत्राइतकीच त्यामागची मांडणीही महत्त्वाची होती. सरकार आणि खासगी क्षेत्र यांच्या जोडीला त्यांनी पंचायतीला तिसरा भागीदार केले आणि जाळ्याची देखभाल गावातल्या तरुणांकडे दिली. २०१७ मध्ये मोझिला संस्थेच्या जागतिक स्पर्धेत या प्रकल्पाला पहिले पारितोषिक मिळाले. पालघरचे आदिवासी पाडे आणि नंदुरबारचे आदिवासी पाडे यांच्यात डोंगराच्या उंचीचा फरक असेल, माणसांच्या अकलेचा नाही.

मग अडले कुठे? दूरच्या जागी पोहोचणाऱ्या त्या रिकाम्या लहरी प्रयोगापुरत्या मिळाल्या, रोजच्या वापरासाठी गावांच्या हाती आल्या नाहीत. आणि ज्या लहरी मोकळ्या आहेत, त्यांवरून गावाने सेवा द्यायची म्हटली तर परवान्याचा दरवाजा लागतो. १८८५ च्या भारतीय तार कायद्याने तारेची यंत्रणा उभारण्याचा आणि चालवण्याचा एकाधिकार सरकारकडे ठेवला. परक्या राज्यकर्त्यांना रयतेने आपापसांत काय बोलावे यावर पकड हवी होती, म्हणून त्यांनी तो कायदा केला. स्वतंत्र भारतानेही तो पाऊणशे वर्षांहून अधिक काळ वागवला. १९९८ मध्ये खासगी इंटरनेट सेवेचे परवाने सुरू झाले, तेव्हापासून अट चालत आली की अर्जदार ही भारतीय कंपनी कायद्याखाली नोंदलेली कंपनी असली पाहिजे. लहान क्षेत्राच्या परवान्याचे प्रवेश शुल्क वीस हजार रुपयांइतके कमी होते. एखादा महिला बचत गटांचा संघ तेवढे पैसे उभे करू शकतो. पण बचत गट चालत नाही, सहकारी संस्था चालत नाही, ग्रामसभा चालत नाही. दाराशी पैसे मोजायची तयारी असली तरी आत जायला कंपनीचेच रूप घ्यावे लागते.

२०२३ मध्ये नवा दूरसंचार कायदा आला. २० आणि २१ डिसेंबरला तो दोन्ही सभागृहांत मंजूर झाला. त्या अधिवेशनात विरोधी पक्षांचे १४६ खासदार निलंबित झालेले होते. वसाहतकाळाचे ओझे उतरवले, असे सांगण्यात आले. पण परवानगीवाचून दूरसंचार जाळे उभारणाऱ्याला किंवा सेवा देणाऱ्याला त्यात तीन वर्षांपर्यंत कैद, दोन कोटी रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा सांगितल्या आहेत. चोरटे एक्स्चेंज चालवणाऱ्या भामट्यासाठी ही शिक्षा योग्यच आहे. पण पाच पाड्यांच्या पोरांनी बांबूच्या खांबावर डिश चढवून शाळेला नेट दिले, तर ती पोरेही याच कलमाच्या कक्षेत येतात. भामटा आणि शाळा यांत भेद करायची तसदी कायद्याने घेतली नाही आणि ती घ्यायला लावावी, असे आपल्याला वाटले नाही.

केबल टीव्हीचा नियम याच्याशेजारी ठेवून पाहा. १९९५ च्या केबल कायद्याप्रमाणे एखादी व्यक्ती किंवा व्यक्तींचा समूहसुद्धा केबलचालक म्हणून नोंद करू शकत होता, तीही मुख्य डाकघरात, पाचशे रुपये भरून. म्हणजे गावात सासू-सुनांच्या मालिका पोहोचवायच्या तर गावाचा माणूस पात्र, आणि त्याच गावाच्या मुलांना शिक्षण, रेशन, दवाखाना पोहोचवायचा तर अपात्र. त्याच १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने हवेतल्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे असे सांगितले होते. जनतेच्या मालमत्तेतून कंपन्यांना लिलावाने वाटा मिळतो. लिलावात बोली लावायची ऐपत नसलेली जनता मात्र त्या मालमत्तेची मालक फक्त कागदावर राहते.

सरकारची बाजू न्यायाने मांडली पाहिजे. डिसेंबर २०२० मध्ये पीएम-वाणी योजना मंजूर झाली. तीत किराणा दुकानदारालाही परवान्याशिवाय सार्वजनिक वायफाय देता येते. वायफाय देणाऱ्यांना महागड्या लीज लाइनसाठी भरमसाट पैसे मोजावे लागतात या तक्रारीवरून दूरसंचार नियामक ट्रायने जून २०२५ मध्ये त्यांच्यासाठीच्या ब्रॉडबँडचा दर घरगुती दराच्या दुपटीपेक्षा जास्त असू नये असेही ठरवले. ही पावले चांगली आहेत. पण विकत घ्यायला लाइन असेल तिथेच त्यांचा उपयोग आहे. नंदुरबार शहरातल्या चहाच्या टपरीला ती उपयोगी पडेल. तोरणमाळपलीकडच्या पाड्याने लाइन कोणाकडून घ्यावी? त्याला मधली वाट स्वतः बांधू द्या, एवढेच मागणे आहे, आणि नेमके तेच नाकारले जाते.

आता महाराष्ट्राला विचारायचा प्रश्न. ज्या राज्याने १९५० मध्ये प्रवरानगरला शेतकऱ्यांच्या मालकीचा साखर कारखाना उभा करून दाखवला, ज्याच्या प्रत्येक तालुक्यात सोसायटी, दूध संघ, पतपेढी आहे, ज्याच्या नंदुरबार जिल्ह्यातल्या शहाद्यातही सातपुडा साखर कारखाना सहकारातूनच उभा राहिला, त्या राज्याला इंटरनेटची सहकारी संस्था कल्पनेतही का येत नाही? विजेत तर आपण हे करून पाहिले आहे. श्रीरामपूरची मुळा-प्रवरा वीज सहकारी संस्था अहमदनगर जिल्ह्याच्या एका मोठ्या भागाला चाळीस वर्षे वीज पुरवत होती. शेवटी थकबाकी वाढली आणि २०११ मध्ये तिचे काम महावितरणकडे गेले. हे उदाहरण माझ्या बाजूने जेवढे आहे तेवढेच विरुद्धही आहे. लोकांची संस्था वीज चालवू शकते हे त्याने दाखवले, आणि हिशेब ढिला पडला की लोकांची संस्थाही बुडते हेही दाखवले. पण म्हणून कोणी महाराष्ट्रात सहकार बेकायदा करा अशी मागणी केली नाही. बुडालेल्या कारखान्यांचे संचालक आमदार होतात. न बुडालेल्या, अजून जन्मालाही न आलेल्या ग्रामसभेच्या संस्थेला मात्र आधीच अपात्र ठरवले जाते.

याहून मोठी विसंगती पुढे आहे. नंदुरबारचा मोठा भाग घटनेच्या पाचव्या अनुसूचीत येतो. १९९६ च्या पेसा कायद्याने इथल्या ग्रामसभेला गौण वनोपजाची मालकी दिली, परंपरा आणि साधनसंपत्ती जपण्याचा अधिकार दिला. २००६ च्या वनहक्क कायद्याने सामूहिक वनहक्क दिले. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाने २०११ पासून स्वतःच्या जंगलातला बांबू स्वतः विकून दाखवला. म्हणजे कायद्याच्या नजरेत ही ग्रामसभा हजारो एकर जंगल सांभाळायला समर्थ आहे, लाखो रुपयांच्या बांबूचा आणि तेंदूपानाचा हिशेब ठेवायला समर्थ आहे. फक्त वायफायचा राउटर सांभाळायला असमर्थ आहे.

इथे सुरक्षेचा मुद्दा निघतो. कोणी कोणाला काय पाठवले याची नोंद कोण ठेवणार, गुन्हा घडला तर कोणाला धरायचे? प्रश्न रास्त आहे. पण नोंदी ठेवण्याचा नियम संस्थेलाही लावता येतो, ओळख पटवण्याची अट ग्रामसभेलाही घालता येते. ज्यांच्या दहाही बोटांचे ठसे तुमच्याकडे देशात सर्वांत आधी आले, त्यांची ओळख पटत नाही असे म्हणणे शोभत नाही. मग गावाने कंपनीच काढावी, असेही कोणी सुचवेल. कंपनीत ज्याचे भाग जास्त त्याचे मत मोठे. ग्रामसभेत भूमिहीन पावरा बाईचे मत आणि सरपंचाचे मत सारखे. मालकीचे हे दोन प्रकार एकमेकांना पर्याय नाहीत. गावाला आपले रूप टाकून बाजाराचे रूप घ्यायला लावणे हीच तर तक्रार आहे.

जगात हा झगडा नवा नाही. अमेरिकेत टेनेसी राज्याच्या चॅटानूगा शहराच्या वीज मंडळाने स्वतःचे वेगवान इंटरनेट उभे केले. शेजारच्या खेड्यांनी ते मागितले तर राज्याच्या कायद्याने आडकाठी घातली. २०१५ मध्ये संघीय दूरसंचार आयोगाने ती आडकाठी रद्द ठरवली, पण २०१६ मध्ये न्यायालयाने आयोगाचाच निर्णय उलटवला. त्या देशातही कंपन्यांना गावाची मालकी नकोशी वाटते, पण तिथे लोक आपल्या नगरपालिकेच्या बाजूने भांडले. मेक्सिकोत ओआहाका प्रांतातल्या आदिवासी गावांनी स्वतःचे मोबाइल जाळे उभारले आणि २०१६ मध्ये त्यांच्या संघटनेला सरकारने आदिवासींसाठीचा वेगळा परवाना दिला. केनियाने २०२१ मध्ये सामुदायिक जाळ्यांसाठी परवान्याची स्वतंत्र, हलकी चौकट आखली. मेक्सिको आणि केनियाला जे सुचले ते आपल्याला सुचू नये, इतके आपण मठ्ठ नाही. आपल्याला ते नको आहे.

नको का आहे, हे स्वच्छ बोलू. डोंगरातला माणूस मजूर म्हणून आपल्याला चालतो. ऊसतोडीला, वीटभट्टीला, गुजरातेतल्या शेतांवर तो हवा असतो. मतदार म्हणून चालतो, लाभार्थी म्हणून चालतो, काठी गावच्या होळीत नाचताना फोटोसाठी तर फारच चालतो. आता तो मोबाइल कंपनीचा ग्राहक म्हणूनही चालेल. तो एखाद्या यंत्रणेचा मालक झाला, दर ठरवू लागला, हिशेब मागू लागला, की आपल्या पोटात गोळा येतो. हरिसालचे उदाहरण पाहा. मेळघाटातले हे गाव २०१६ मध्ये देशातले पहिले डिजिटल गाव म्हणून मिरवले गेले. २०१९ च्या निवडणुकीत राज ठाकरे यांनी तिथली दशा सभेत मांडली, टाळ्या पडल्या, टीकाही झाली. सत्ताधाऱ्यांनी खुलासे केले, विरोधकांनी खिल्ली उडवली. हरिसालची यंत्रणा हरिसालच्या हाती होती का, हा प्रश्न दोन्ही बाजूंना महत्त्वाचा वाटला नाही.

या दोषातून कोणी सुटत नाही. आमदार-खासदार टॉवरचे उद्घाटन करतात, परवान्याच्या अटीवर बोलत नाहीत. सहकाराचे पुढारी सहकाराची शताब्दी साजरी करतात, पण सहकाराला या नव्या क्षेत्रात दार उघडा असे दिल्लीला सांगत नाहीत. आम्ही लिहिणारे टेंभलीच्या वर्धापनदिनी एक बातमी करतो आणि वर्षभर गप्प बसतो. स्वयंसेवी संस्था टॅब वाटतात. आदिवासी समाजातून शिकून पुढे गेलेली नोकरदार मंडळी शहाद्यात, नाशिकात घरे बांधतात आणि गावी गेले की रेंज नाही म्हणून दोन दिवसांत परततात. त्यांनाही हे ऐकावे लागेल.

१९२३ मध्ये सी. के. बोले यांच्या ठरावाने मुंबई इलाख्यातले सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले झाले. १९२४ मध्ये महाड नगरपालिकेनेही चवदार तळे खुले केले. तरी अस्पृश्य मानलेल्यांना ते पाणी ओंजळीत घ्यायला २० मार्च १९२७ उजाडावे लागले, कारण कायदा पुढे गेला होता आणि समाज मागे अडून बसला होता. आज उलटे आहे. लहरी सगळ्यांच्या असे न्यायालय म्हणते, ग्रामसभा समर्थ असे संसद म्हणते, आणि तरी कायद्याने गावाला ओंजळ पुढे करू दिलेली नाही. त्या वेळी निदान सनातन्यांना आपण कशाला विरोध करतो हे ठाऊक होते. आपण तर विरोधही न करता अडवणूक चालू ठेवली आहे.

या मातीला गप्प बसायची सवय नव्हती. १९३०च्या दशकात तळोद्याच्या मोरवडमधून गुलाम महाराजांनी भिल्लांना दारू सोडा, स्वच्छ राहा, एकमेकांना मान द्या असे सांगितले आणि त्यासाठी हजारो माणसे जमली. १९७० च्या दशकात अंबरसिंग सुरतवंती आणि श्रमिक संघटनेने शहादा-तळोद्यात सालदारांच्या, म्हणजे वर्षाच्या बोलीवरच्या शेतमजुरांच्या, मजुरीसाठी, हातची गेलेली जमीन परत मिळवण्यासाठी लढा उभारला. तेव्हाही सुशिक्षितांनी म्हटले होते की ही माणसे जमीन सांभाळू शकणार नाहीत. तोच आक्षेप आज नव्या शब्दांत फिरतो आहे.

मागणी मोठी नाही. ग्रामसभा, सहकारी संस्था आणि बचत गटांचे संघ यांच्यासाठी दूरसंचार परवान्याचा वेगळा, हलका प्रकार करा. ना-नफा जाळ्याला कैदेच्या कलमातून वगळा आणि त्याच्यावर प्रमाणात जबाबदारी घाला. अनुसूचित क्षेत्रात लांबवर पोहोचणाऱ्या रिकाम्या लहरी ग्रामसभांना विनालिलाव वापरू द्या. कंपन्यांच्या महसुलातून, म्हणजे शेवटी आपल्या रिचार्जमधून, डिजिटल भारत निधीत पैसा जातो. त्याचा एक भाग थेट या संस्थांना द्या आणि दरवर्षी ग्रामसभेत त्याचे सामाजिक अंकेक्षण करा. राज्य सरकारच्या हातात परवाना नाही, पण महानेटचे फायबर पंचायतीपासून पाड्यांच्या संस्थेला रास्त दरात देणे आणि विधिमंडळातून केंद्राकडे ठराव पाठवणे तरी त्याच्या हातात आहे.

आणि ठरावाच्या सुरुवातीसाठी मुंबईची वाट पाहत थांबायला नको. धडगाव, अक्कलकुवा, तळोद्याच्या ग्रामसभांनी येत्या बैठकीत लेखी ठराव करावा की आमच्या गावाचे इंटरनेट आम्ही चालवू, परवाना द्या किंवा नाकारण्याचे कारण लेखी द्या. एकेका ग्रामसभेचा कागद दिल्लीत हरवेल. शेकडो ग्रामसभांचे कागद हरवत नाहीत. त्या दिवशी शहादा, नंदुरबार, धुळे, नाशिक, पुण्यातल्या प्रत्येकाला बाजू निवडावी लागेल. ज्याच्या अंगठ्यावर आपण आधार उभा केला, त्याच्या मालकीला आपली सही मिळते की नाही, यावरून पुढची पिढी आपल्याला जोखेल.